एडीएचडीचं औषध, ऑटिझम आणि चार माणसांत बसणं

मृद्गंध

मोठेपणी एडीएचडी (लक्ष टिकत नाही, धांदल आवरत नाही) आणि ऑटिझम (माणसांत मिसळणं, बदल, गोंगाट जड जातात) अशी दोन्ही निदानं हातात पडलेल्यांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा धागा.

औषध सुरू झालं की लक्ष लागतं, कामं उरकतात, यावर फारसं दुमत नाही. पण माणसांत मिसळण्याचं काय होतं याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक असं, की समोरच्याचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं जातं, मध्येच तोडणं थांबतं, गप्पा जमतात. दुसरं असं, की माणूस गप्प होतो, त्याचे विनोद आटतात, नातेवाईक म्हणतात 'हा पूर्वीचा राहिला नाही', आणि गर्दी-गोंगाट आधीपेक्षा जास्त टोचतो. गोळी एकच, मग असं का?

गणपती तोंडावर आले. दहा दिवस आरत्या, दर्शनाला येणारे-जाणारे, आणि अनंत चतुर्दशीला आपल्या इंदूरची झांक्यांची, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांची रात्र. म्हणून तपशिलात बोलूया: कोणतं औषध, किती, कोणत्या वेळी, काय बिघडतं आणि का. 'आमच्या अमक्याचं असं झालं' या हकिकतींचे धागे आधीच बरेच आहेत, इथे त्या नकोत ही विनंती.

निरंजन_मालवा

चांगला विषय. आधी एक गोष्ट पक्की करू. ऑटिझमच्या सामाजिक बाजूवर मंजूर झालेलं एकही औषध आज नाही. रिस्पेरिडोन (२००६) आणि अ‍ॅरिपिप्राझोल (२००९) यांना अमेरिकेत मंजुरी आहे ती मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठी, मिसळण्यासाठी नाही. ऑक्सिटोसिनच्या नाकात मारायच्या फवाऱ्याकडून फार आशा होती. २०२१ मध्ये २९० मुलांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, त्यात खरा फवारा आणि औषध नसलेला नकली फवारा यांत फरक निघाला नाही. तेव्हा एडीएचडीच्या औषधाने गप्पा सुधारल्या तर त्या लक्षाच्या वाटेने सुधारतात, ऑटिझम 'कमी होऊन' नाही. हे घरच्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं तर पुढचे निम्मे गैरसमज टळतात.

तिन्हीसांज

निरंजनदादांशी सहमत. आता मूळ प्रश्न, एकच गोळी आणि दोन उलटे परिणाम.

मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं नेहमीचं औषध. ते मेंदूतली डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायनं परत शोषली जाण्याची वाट अडवतं, त्यामुळे मेंदूच्या पुढच्या भागात ती जास्त वेळ टिकतात. पण 'जास्त म्हणजे चांगलं' असं इथे नसतं. परिणामाची रेघ टेकडीसारखी आहे: कमी असताना लक्ष भरकटतं, मध्यावर बसतं, आणि त्यापुढे गेलं की लक्ष एकाच जागी रुतून बसतं. ऑटिझममध्ये एका विषयात खोल उतरण्याची ओढ मुळातच असते. डोस थोडा जास्त झाला की ती ओढ घट्ट होते. मग गप्पांत विषय बदलला तरी माणूस मागच्याच विषयावर राहतो, किंवा बोलणंच सोडून देतो. चेहरा सपाट, आवाज सपाट. याला नातेवाईक 'बदलला' म्हणतात. खरं तर ही डोस जास्त झाल्याची खूण आहे आणि डोस खाली आणल्यावर ती बहुतेक वेळा जाते. ही खूण डॉक्टरांना याच शब्दांत सांगावी. 'बरं वाटत नाही' एवढंच सांगितलं तर त्यांना काही कळत नाही.

दुसरी गोष्ट डोस बरोबर असतानाही घडते. एडीएचडीची धांदल ऑटिझमला झाकत असते. नवं काहीतरी हवं म्हणून माणूस घोळक्यात शिरतो, सुचेल ते बोलून टाकतो, आणि लोक त्याला 'बोलका' म्हणतात. औषधाने धांदल शमली की खाली जे होतं ते वर येतं: ठरलेल्या क्रमाची गरज, तेच तेच करण्यातला आराम, ट्यूबलाइटची घूं घूं. औषधाने ऑटिझम वाढवलेला नसतो, तो आता दिसायला लागलेला असतो. या दोन्ही कारणांवर उपाय वेगळे आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली की गोळी विनाकारण बंद होते.

पोहेप्रेमी

मग या दोन्हींतला फरक घरबसल्या कसा ओळखायचा भिया?

तिन्हीसांज

घड्याळाने. डोस जास्त झाल्याचा सपाटपणा औषधाबरोबर चढतो आणि औषधाबरोबरच उतरतो. साध्या गोळीचा जोर साधारण दुसऱ्या तासाला सर्वांत जास्त असतो. तेव्हाच माणूस सर्वांत गप्प आणि संध्याकाळी पुन्हा पहिल्यासारखा, असं असेल तर संशय डोसवर. ऑटिझम उघडा पडला असेल तर त्या शांत तासांत माणूस आतून बरा असतो. विचारलं तर 'बरं वाटतंय, फक्त बोलायचं नाहीये' असं उत्तर येतं. आवडीच्या विषयावर बोलतं केलं की तो खुलतो. डोस जास्त असेल तर आवडीचा विषयसुद्धा बेचव लागतो. ही परीक्षा सोपी आहे आणि बरीच विश्वासार्ह आहे.

शून्यप्रहर

वर सगळे 'किती' यावर बोलताहेत. 'कधी' हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो, आणि इंदूरमध्ये तर जास्तच.

मेथिलफेनिडेटची साधी गोळी ३ ते ४ तास चालते. सकाळी आठला एक, दुपारी बाराला दुसरी, म्हणजे चारच्या सुमारास संपलं. बारा तासांची म्हणून जी सावकाश सुटणारी गोळी मिळते तीही सकाळी आठला घेतली तर रात्री आठच्या आत आटोपते. आता आपलं इंदूर माणसांत कधी बसतं? सराफ्यातली खाऊगल्ली सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर सुरू होते. आरती रात्री आठ-साडेआठला. बारशापासून साठीपर्यंत सगळी जेवणं रात्रीची. म्हणजे औषध असतं तेव्हा माणूस ऑफिसात संगणकासमोर एकटा, आणि जमाव समोर येतो तेव्हा औषध उतरलेलं किंवा उतरत असलेलं.

उतरतानाचा तास-दीड तास फार वाईट असू शकतो. चिडचिड, रडू, बोलण्याचा भडिमार, नाहीतर एकदम मूक होणं. दिवसभर भूक दबलेली असते म्हणून पोट रिकामं, ते वेगळंच. आणि नेमकी याच तासातली वागणूक पाहून नातेवाईक निकाल देतात की 'औषधाने माणूसघाणा झाला'. मोजायचं होतं औषधाला, मोजलं गेलं औषध नसलेल्या वेळेला.

म्हणून पहिलं काम म्हणजे डोसची वेळ आणि भेटीची वेळ एका कागदावर शेजारी शेजारी लिहायची.

ध्रुवपद

शून्यप्रहर, अगदी नेमकं लिहिलंत.

पण मला मूळ प्रश्नाच्या मांडणीवर आक्षेप आहे. 'गप्पा जमतात' म्हणजे सुधारणा आणि 'गप्प होतो' म्हणजे बिघाड, हे कोणी ठरवलं? डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं जेवढं कळत नाही, तेवढंच इतरांनाही त्याचं कळत नाही. औषधानंतर एखाद्याने मुखवटा चढवणं कमी केलं, डोळ्यांत डोळे घालून हसणं सोडलं, 'मला आता जायचंय' असं स्पष्ट म्हटलं, तर मी त्याला बिघाड म्हणणार नाही. आधी तो चार तास हसत बसायचा आणि नंतर दोन दिवस अंथरुणात पडून राहायचा. ते दोन दिवस कोणालाच दिसत नव्हते.

मोजायचंच असेल तर 'किती बोलला' हे मोजू नका. 'भेटीनंतर सावरायला किती तास लागले' हे मोजा.

तिन्हीसांज

@ध्रुवपद, मान्य. माझ्या पहिल्या प्रतिसादात ही बाजू राहिली होती. एक मात्र लक्षात असू द्या. खरोखर डोस जास्त झालेला माणूसही 'मी आता मुखवटा काढलाय' असं स्वतःला समजावू शकतो, म्हणून आवडत्या विषयाची परीक्षा सोडू नका.

अक्षरवेल

अवांतर: वरच्या प्रतिसादांत सगळ्यांनी 'ऑटिझम' लिहिलंय, 'स्वमग्नता' नाही, याबद्दल आभार. स्वमग्न म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं माणूस आपल्याच नादात, दुसऱ्याची पर्वा नसलेला. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ते बऱ्याचदा समोरच्याचा प्रत्येक शब्द घरी नेऊन आठ-आठ दिवस घोळवतात. सरकारी कागदांवर तो शब्द आहेच, पण घरात वापरताना विचार व्हावा.

निरंजन_मालवा

+१. सरकारी कागद निघालाच आहे तर, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून दोन्ही निदानं असतील तर फायलीत दोन्ही स्पष्ट लिहून घ्यावीत. २०१३ पर्यंत अमेरिकी निदानपुस्तिकेप्रमाणे ही दोन निदानं एकाच माणसाला एकत्र देताच येत नव्हती. त्याआधीच्या जुन्या कागदांवर एकच दिसलं तर दुसरं नाहीच असं धरू नका.

औषधीवाला

दुकानाच्या बाजूचं सांगतो.

आपल्याकडे प्रत्यक्षात दोन औषधं चालतात, मेथिलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन. अमेरिकी व्हिडिओंतलं अ‍ॅडेरॉल इथे विकलं जात नाही, त्यामुळे त्यावरचे सल्ले इथे जसेच्या तसे लावू नका. मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. परवाना वेगळा असल्याने प्रत्येक मेडिकलवर ते मिळत नाही. सणात दुकानं बंद, डॉक्टर गावाला, आणि मधले चार दिवस गोळी नाही, असं होतं. पाहुणे घरात असताना अचानक बिनऔषधाचे चार दिवस काढणं हे सर्वांत वाईट. निदान आठ दिवस आधी चिठ्ठी घ्या.

सावकाश सुटणारी गोळी चावू, फोडू, कुटू नका. बारा तासांचा डोस एकदम अंगात जाईल. ओरॉस पद्धतीच्या (न विरघळणाऱ्या कवचातून औषध हळूहळू सोडणाऱ्या) गोळीचं रिकामं टरफल शौचात दिसतं, त्याने घाबरू नका, आतलं औषध तोवर वापरलं गेलेलं असतं.

आणि सर्दी झाली म्हणून फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेली गोळी मनाने घेऊ नका. दोन्ही मिळून नाडी आणि रक्तदाब वर जातात. लिनेझोलिड हे जंतूंवरचं औषध कोणी लिहिलं तर मेथिलफेनिडेट चालू असल्याचं आधी सांगा. ते एकत्र देत नाहीत.

पोहेप्रेमी

लिंबाचं काय? सगळीकडे लिहिलंय की गोळीच्या आसपास आंबट खाऊ नका, असर जातो. इंदुरी पोहे लिंबाशिवाय खायचे म्हणजे फार झालं 🙂

औषधीवाला

खा लिंबू, वर जीरावणही घाला. ती सूचना अ‍ॅम्फेटामिनच्या गोळ्यांची आहे. मेथिलफेनिडेटला लिंबू लागू नाही. उलट गोळीच्या आधी पोटभर नाश्ता झालाच पाहिजे, कारण दुपारी भूक लागणार नाही. नुसत्या पोहे-जिलबीवर मात्र दिवस निघत नाही, सोबत दाणे, दही, अंडं, मोड आलेली उसळ असं काहीतरी ठेवा. खरी अडचण चहाची आहे. गोळीवर तीन-चार कप चहा झाला की छाती धडधडते, हात थरथरतात.

तिन्हीसांज

त्या धडधडीचा इथल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. मेथिलफेनिडेटने नाडी सरासरी मिनिटाला ३ ते ६ ठोक्यांनी वाढते, काहींची जास्त. बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना शरीराच्या आतल्या खुणा नीट ओळखता येत नाहीत. भूक, तहान, भीती, सगळं एकाच अस्वस्थतेसारखं वाटतं. मग गोळी आणि चहाची धडधड घेऊन माणूस चार लोकांत बसला की मेंदू अर्थ लावतो, 'मला या माणसांची भीती वाटतेय'. पुढच्या वेळी तो जायचंच टाळतो.

उपाय साधा आहे. निघण्याआधी पाच मिनिटं शांत बसून नाडी मोजायची आणि लिहायची. औषधाआधीच्या आठवड्यातले आकडे शेजारी असले की कळतं, भीती आहे की औषध. त्या दिवशी चहा एकच कप. मोबाइलवर दुपारी एकचा गजर 'जेव' म्हणून आणि निघायच्या अर्धा तास आधीचा 'खा' म्हणून. भूक लागेल तेव्हा खाऊ, असं म्हणून चालत नाही, ती खूण येतच नाही.

शून्यप्रहर

लिहून ठेवण्याचा विषय निघालाच आहे तर वहीचं पूर्ण सांगतो. औषध सुरू करण्याआधी एक आठवडा आणि नंतर निदान तीन आठवडे रोज एक ओळ लिहावी: गोळी किती वाजता, किती मि.ग्रॅ., झोप किती तास, जेवलो का, कुठे गेलो, किती माणसं, किती वेळ, सावरायला किती तास. ध्रुवपद म्हणतात तो शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. एका आठवड्यात एकच गोष्ट बदलायची. डोसही वाढवला आणि त्याच आठवड्यात लग्नालाही गेलो, तर वहीतून काहीच निघत नाही.

डोस हळू वाढवणं हे या लोकांत जास्तच महत्त्वाचं आहे. ब्रिटनच्या २०१८ च्या एडीएचडी मार्गदर्शिकेत सोबत ऑटिझम असेल तर वाढ सावकाश आणि तपासणी जास्त वेळा करावी असं आहे. कारणही आहे. २००५ मध्ये अमेरिकेत ऑटिझम गटातल्या ७२ मुलांवर मेथिलफेनिडेटची चाचणी झाली. ४९ टक्क्यांना फायदा झाला, पण १८ टक्क्यांना त्रासामुळे औषध सोडावं लागलं, आणि त्यात चिडचिड हे मोठं कारण होतं. नुसता एडीएचडी असलेल्यांत फायद्याचं प्रमाण यापेक्षा बरंच जास्त असतं. म्हणून ५ मि.ग्रॅ. किंवा त्याच्याही अर्ध्यापासून सुरुवात करणारे डॉक्टर घाबरट नाहीत, शहाणे आहेत.

निरंजन_मालवा

त्याच चाचणीतल्या ३३ मुलांची नंतर सामाजिक अंगाने वेगळी तपासणी झाली, तीही सांगायला हवी. योग्य डोसवर मुलं स्वतःहून दुसऱ्याचं लक्ष एखाद्या वस्तूकडे वेधत होती, समोरच्याने हाक दिली की प्रतिसाद देत होती. म्हणजे 'माणूस गप्पच होतो' हेही खरं नाही. अर्थात ही मुलं होती, मोठ्या माणसांची गोष्ट तशीच्या तशी धरता येत नाही.

मृद्गंध

फारच उपयोगी. आता अ‍ॅटोमॉक्सेटिनबद्दल कोणी लिहील का? शून्यप्रहर म्हणतात तो संध्याकाळचा खड्डा त्यात नसतो ना?

औषधीवाला

नसतो. त्याचा परिणाम चोवीस तास सारखा राहतो, चढ-उतार जाणवत नाही, शेड्यूल एक्सची भानगडही नाही. ज्यांचं सगळं माणसांत येणं-जाणं रात्रीचं आहे त्यांच्यासाठी डॉक्टर त्याचा विचार करतात. पण आज घेतलं आणि उद्या आरतीला गेलो असं ते औषध नाही. फरक दिसायला ४ ते ६ आठवडे, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. गणपतीसाठी म्हणून आता सुरू केलं तर गणपतीत फक्त मळमळ पदरात पडेल.

मोठ्यांना साधारण ४० मि.ग्रॅ. ने सुरुवात करून ८० पर्यंत नेतात, ऑटिझम असेल तर सावकाश. रिकाम्या पोटी घेतलं की मळमळ हमखास, म्हणून जेवणावर घ्यायचं. तोंड कोरडं पडतं, काहींना लघवी अडखळते. संकोचाने लोक हे सांगत नाहीत, सांगा.

सर्वांत महत्त्वाचं: चिंतेसाठी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन आधीपासून चालू असेल तर यकृतातलं एकच विकर (एन्झाइम) दोघांना लागतं, आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन रक्तात कितीतरी जास्त साचतं. ऑटिझमबरोबर चिंतेची गोळी असणं सर्रास आहे. दोन डॉक्टर वेगवेगळे असतील तर दोन्ही चिठ्ठ्या दोघांनाही दाखवा. आणि सुरुवातीच्या आठवड्यांत मन फार खाली गेलं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. विशेषतः कोवळ्या वयात.

अक्षरवेल

घरच्यांसाठी एक. 'गोळी घेतलीस का?' हे पाहुण्यांसमोर विचारू नका. जरा आवाज चढला, जरा हातवारे झाले की हा प्रश्न येतो, आणि त्या माणसाचा राग खरा असूनही खोटा ठरतो.

ध्रुवपद

या प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन.

मृद्गंध

शेवटचा प्रश्न, ज्यासाठी खरं तर धागा काढला. झांक्यांची रात्र. गिरण्यांचे देखावे रात्रभर चालतात, ढोल, आखाडे, माणसांचा समुद्र. जायची इच्छा आहे, मुलांना दाखवायचंय. संध्याकाळी एक जादा गोळी घेऊन निघावं का?

तिन्हीसांज

मनाने जादा गोळी नको. रात्री घेतली तर झोप पहाटेपर्यंत येणार नाही, आणि झोपेशिवायचा दुसरा दिवस औषध असूनही वाया जातो. रोजच्या डोसची वेळ पुढे सरकवता येईल का हे डॉक्टरांना आधी विचारा, आणि त्या दिवसाच्या आधी एखाद्या साध्या संध्याकाळी करून बघा. पहिला प्रयोग गर्दीत नको.

ध्रुवपद

औषध ढोलाचा आवाज कमी करत नाही, त्यासाठी कानात बोळे लागतात. फोमचे असतील तर बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सारून ते फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचे. बहुतेक लोक नुसते कानाच्या तोंडाशी खोचतात आणि म्हणतात उपयोग होत नाही. मुलांशी बोलायचं असेल तर वादकांचे गाळणीवाले बोळे बघा, त्यांत बोलणं ऐकू येतं.

मिरवणुकीच्या वाटेत मधोमध उभं राहू नका. एखाद्या ओळखीच्या घराची गच्ची किंवा गल्लीचं तोंड, जिथून मागे फिरता येतं, अशी जागा दिवसा जाऊन बघून ठेवा. गाडी गर्दीच्या वेढ्याच्या बाहेर लावा. घरातून निघतानाच किती वाजता परतायचं ते सोबतच्यांना सांगा, आणि परतायची एक खूण ठरवा, कारण शब्द सर्वांत आधी जातात. हातातला रुमाल डाव्या खांद्यावर टाकला की निघायचं, कारण विचारायचं नाही.

मृद्गंध

रुमाल पक्का. दुसऱ्या दिवसाची सगळी आमंत्रणं आत्ताच नाकारते.